स्त्री-अभ्यास : एका विद्याशाखेची जडणघडण

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात एखादा नवा विषय दाखल होतो, तेव्हा त्यामागे बहुधा अनेक दशकांची घुसळण झालेली असते. स्त्री-अभ्यास, किंवा अलीकडे रूढ होत चाललेल्या नावाने बोलायचे तर लिंगभाव अभ्यास, हा असाच एक विषय होय. या विषयात एम.ए. करणारा विद्यार्थी आज पुणे, मुंबई, गोवा अथवा हैदराबाद येथे भेटू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या प्राध्यापक-पात्रता परीक्षेतही या विषयाला स्वतंत्र स्थान मिळालेले आहे. तरीही 'हा विषय नेमका कशाचा?', 'यात शिकायचे ते काय?', 'ही विद्या म्हणायची की चळवळ?' असे प्रश्न सुशिक्षित घरांतूनही विचारले जातात. या प्रश्नांची उत्तरे त्या विषयाच्या इतिहासात सापडतात. आणि त्या इतिहासाचा मोठा भाग मराठी भाषेत, मराठी माणसांच्या हातून आणि काही अंशी मराठी ग्रंथसंग्रहांच्या आश्रयाने घडलेला आहे.

स्त्रियांचे शिक्षण आणि स्त्रियांविषयीचे ज्ञान

स्त्रियांना शिक्षण देणे आणि स्त्रियांच्या स्थितीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा आरंभ एकोणिसाव्या शतकात झाला. दुसरीला विद्यापीठात जागा मिळण्यास त्यानंतर सव्वाशे वर्षे लागली.

१८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. अक्षरओळख होऊन फार काळ लोटलेला नसताना एक शाळकरी मुलगी आपल्या समाजाच्या अवस्थेचे कारण शोधू लागते, धर्माच्या आणि सत्तेच्या ठेकेदारांना जाब विचारते, हे त्या शिक्षणाचे फलित होते. मात्र अशा लेखनाला 'ज्ञान' मानण्याची तयारी त्या काळी कोणाचीच नव्हती. ते 'मुलीचा निबंध' म्हणून कौतुकाने वाचले गेले आणि विसरले गेले.

१९१६ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून ही कल्पना त्यांच्या मनात दृढ झाली होती. प्रारंभी विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. या विद्यापीठाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे त्याने मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा धरलेला आग्रह. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाख रुपयांच्या देणगीने विद्यापीठ स्थिरावले आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव त्याला मिळाले. परंतु कर्वे यांच्या योजनेत स्त्री ही शिकणारी होती. अभ्यासाचा विषय नव्हती. गृहजीवन, आरोग्य, बालसंगोपन या विषयांवर तिथे भर होता. स्त्रीचे स्थान गृहात आहे हे गृहीत धरूनच ते स्थान अधिक सुजाण करावे, अशी ती भूमिका होती. 'ते स्थान गृहातच का?' हा प्रश्न विचारण्याची वेळ अजून यायची होती.

१९१६ : बडोद्याच्या शिष्यवृत्तीवरील एक निबंध

योगायोग असा की, त्याच १९१६ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एका भारतीय विद्यार्थ्याने मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात एक निबंध वाचला. विद्यार्थी होते भीमराव रामजी आंबेडकर, शिष्यवृत्ती होती बडोदे संस्थानची, आणि निबंधाचा विषय होता 'भारतातील जाती : त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास'. पुढील वर्षी तो 'इंडियन ॲन्टिक्वेरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग, आणि हे कोंडणे साधते ते जातीअंतर्गत विवाहाने, असे या निबंधाचे प्रमेय आहे. परंतु जातीच्या मर्यादेतच विवाह व्हायचे तर विवाहयोग्य स्त्रिया व पुरुष यांची संख्या सतत समतोल राहिली पाहिजे. पती निवर्तला की मागे राहणारी स्त्री 'अतिरिक्त' ठरते. पत्नी निवर्तली की पुरुष 'अतिरिक्त' ठरतो. या अतिरिक्त स्त्रीची विल्हेवाट सती आणि सक्तीचे वैधव्य या मार्गांनी लावली गेली, तर पुरुषासाठी अद्याप विवाहयोग्य न झालेली बालिका वधू म्हणून शोधली गेली. म्हणजे सती, वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी निव्वळ अज्ञानातून आलेल्या नसून जातिव्यवस्था टिकवण्याची ती साधने होत, असा निष्कर्ष पंचविशीतल्या त्या विद्यार्थ्याने मांडला.

समाजसुधारकांनी या रूढींचा धिक्कार त्यापूर्वीही केला होता. या निबंधाचे वेगळेपण धिक्कारात नाही, कार्यकारणभावाच्या उलगड्यात आहे. स्त्रीच्या देहावरील नियंत्रण आणि जातीची उतरंड ही एकाच यंत्राची दोन चाके आहेत, हे त्याने दाखविले. आज भारतातील लिंगभाव अभ्यासाच्या वर्गांत हा निबंध पायाभूत वाचन म्हणून नेमला जातो. ज्या संस्थानच्या पैशावर तो लिहिला गेला, त्याच संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर बडोद्यास आले, तेव्हा अस्पृश्यतेपायी त्यांना राहण्यास जागा मिळेना आणि त्यांना हे शहर सोडावे लागले. निबंधात वर्णिलेली यंत्रणा किती मजबूत होती, याचा याहून कठोर पुरावा शोधण्याची गरज नाही.

संस्थानच्या बाजूने सांगण्यासारखेही बरेच आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये मुलींसह सर्वांसाठी तो संस्थानभर लागू केला. १९०४ मध्ये बालविवाह-प्रतिबंधाचा आणि १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा येथे झाला. महाराणी चिमणाबाई (द्वितीय) यांनी भारतीय स्त्रीजीवनावरील इंग्रजी ग्रंथ सिद्धमोहन मित्र यांच्यासह १९११ मध्ये प्रसिद्ध केला, आणि १९२७ च्या जानेवारीत पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविले. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या कुलगुरुपदी श्रीमती हंसाबेन मेहता यांची नियुक्ती झाली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर असताना जाहीरनाम्याच्या मसुद्यातील 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारा शब्दप्रयोग बदलून 'सर्व मानव' असे शब्द यावेत यासाठी त्यांनी आग्रह धरला होता. एका शब्दात निम्म्या मानवजातीचे अस्तित्व कसे पुसले जाते, ही जाण पुढे ज्या विद्याशाखेचा गाभा ठरली, ती शाखा तेव्हा जगातील कोणत्याही विद्यापीठात नव्हती.

विद्यापीठाचे दार

स्त्री-अभ्यासाचा स्वतंत्र अभ्यासक्रम प्रथम अमेरिकेत, १९७० मध्ये सॅन दिएगो येथील विद्यापीठात सुरू झाला. इंग्लंडमध्ये या विषयाची एम.ए. पदवी केंट विद्यापीठाने १९८० मध्ये आरंभिली. भारतातील घडामोड मात्र परदेशाचे अनुकरण म्हणून झाली असे समजणे चुकीचे ठरेल. तिला येथीलच एक अहवाल कारण झाला.

१९७१ च्या सप्टेंबरमध्ये भारत सरकारने स्त्रियांच्या दर्जाचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्षा होत्या. वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या. लोतिका सरकार आणि लीला दुबे यांच्यासारख्या विदुषींचे साहाय्य तिला लाभले. 'समानतेकडे' या अर्थाचे शीर्षक असलेला तिचा अहवाल १९७४ च्या अखेरीस सादर झाला. राज्यघटनेने समान हक्क देऊन पाव शतक लोटले होते. तेव्हा प्रगतीचे चित्र हाती येईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात आढळले ते उलटेच. १९०१ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या; १९७१ मध्ये ती संख्या ९३० वर आली होती. रोजगारातील स्त्रियांचा वाटाही घटला होता. आजवर समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास या विषयांनी स्त्रियांच्या स्थितीविषयी जे गृहीत धरले होते, ते आकड्यांपुढे टिकेना. विद्यापीठीय विद्वत्तेला इतकी मोठी घसरण दिसलीच कशी नाही, हा प्रश्न समितीच्या सदस्यांनी स्वतःलाही विचारला. स्त्री-अभ्यासाची भारतीय शाखा या अस्वस्थतेतून जन्मली.

त्याच १९७४ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. नीराबेन यांचा १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला आधुनिक भारतातील स्त्रीविषयक ग्रंथ मुळात त्यांच्या एम.ए.च्या प्रबंधातून आकारास आला होता, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे. पदव्युत्तर विद्यार्थिनीचे एक काम पुढे एका विद्याशाखेची पायरी ठरले. १९८१ च्या एप्रिलमध्ये याच विद्यापीठात स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि १९८२ मध्ये भारतीय स्त्री-अभ्यास संघटना अस्तित्वात आली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या विषयाची दखल घेतली आणि अनुदान आयोगाने ठिकठिकाणच्या विद्यापीठांत केंद्रे उघडण्यास साहाय्य केले. पुणे विद्यापीठाचे केंद्र १९८७ चे. पुढे त्याला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. हैदराबादेत १९८५ मध्ये 'अन्वेषी' ही संशोधनसंस्था उभी राहिली आणि तिच्याशी निगडित असलेल्या सुसी तारू व के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लेखनाचे दोन बृहद् खंड १९९१ व १९९३ मध्ये संपादित केले. मुक्ताबाईंचा १८५५ चा निबंध या खंडांतून जगभरच्या वाचकांपुढे गेला.

विद्या आणि चळवळ यांचे नातेही या काळात स्पष्ट झाले. चंद्रपूर जिल्ह्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. 'संमती' आणि 'शरणागती' यांत भेद आहे, हा त्यांचा मुद्दा वर्गातल्या कसून केलेल्या विवेचनासारखाच काटेकोर होता. त्या पत्राने देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायद्यात दुरुस्ती झाली. या विषयाला 'विद्या की चळवळ' असा प्रश्न विचारणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे. चळवळ पत्रामुळे पेटली खरी, परंतु पत्राला बळ होते ते अभ्यासाचे.

एका हरवलेल्या पुस्तकाची कथा

स्त्री-अभ्यासाच्या घडणीत मराठी ग्रंथालयाचा वाटा कोणता, हे सांगणारे एक उदाहरण ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकाचे आहे. १८८१ मध्ये सुरत येथील न्यायालयाने विजयालक्ष्मी या विधवेस स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविले जाऊ लागले. बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्यास उत्तर म्हणून १८८२ मध्ये हे छोटेखानी पुस्तक लिहिले. जे दुर्गुण स्त्रीच्या माथी मारले जातात ते पुरुषांत अधिक नाहीत काय, हा त्यांचा रोकडा सवाल होता. पुण्यात छापलेल्या या पुस्तकाच्या पाचशे प्रती निघाल्या. टीका इतकी झाली की ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर जवळजवळ शतकभर ते पुस्तक विस्मृतीत गेले.

१९७५ मध्ये डॉ. स. गं. मालशे यांनी ते संपादून पुन्हा वाचकांपुढे आणले आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने ते प्रकाशित केले. आंतरराष्ट्रीय महिला वर्षातच एका मराठी ग्रंथालयाने हे पुस्तक प्रसिद्ध करावे, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. रोझलिंड ओहॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद १९९४ मध्ये आला आणि ताराबाई जगभरच्या अभ्यासक्रमांत दाखल झाल्या. पाचशे प्रतींपैकी शेवटची प्रतही रद्दीत गेली असती, तर भारतीय स्त्रीवादाच्या इतिहासातील एक प्रकरण कायमचे कोरे राहिले असते.

असेच काम इतरांनीही केले. महिला विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचे संचालकपद भूषविलेल्या डॉ. मीरा कोसंबी यांनी पंडिता रमाबाई आणि काशीबाई कानिटकर यांचे मराठी लेखन नव्याने अभ्यासून इंग्रजी वाचकांपर्यंत नेले. रमाबाईंचे १८८९ चे अमेरिकेचे प्रवासवर्णन त्यांनी अनुवादिले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव हिंडून आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला. कागदपत्रांत ज्यांची नावे आली नव्हती, त्यांच्या स्मरणातून इतिहास उभा करण्याची ही पद्धत आज पदव्युत्तर वर्गांत संशोधनपद्धती म्हणून शिकविली जाते.

अभ्यासक्रमाचे अंतरंग

या विषयाच्या एम.ए.ला येणारा विद्यार्थी मराठी, इतिहास, समाजशास्त्र, विधी, कधी विज्ञान अशा कोणत्याही शाखेतून आलेला असतो. त्याला प्रथम शिकावा लागतो तो 'लिंग' आणि 'लिंगभाव' यांतील भेद. निसर्गाने दिलेले शरीर निराळे आणि त्या शरीराला समाजाने चिकटविलेली कामे, गुण व मर्यादा निराळ्या. ॲन ओकले यांनी १९७२ मध्ये हा भेद ग्रंथरूपाने मांडला. 'लिंगभाव' ही मराठी संज्ञा या संदर्भात नेमकी आहे, कारण 'भाव' हा घडविला जातो, जोपासला जातो आणि बदलूही शकतो. पुढे स्त्री-चळवळींचा इतिहास, कुटुंब व विवाहसंस्था, घरातील बिनपगारी श्रमांचे अर्थशास्त्र, कायदा, साहित्य आणि संशोधनपद्धती असे विषय येतात. शेवटी लघुप्रबंध लिहावा लागतो.

'स्त्री' हा एकजिनसी गट आहे काय, या प्रश्नाने या विद्याशाखेला नव्वदीच्या दशकात आतून हादरविले. दलित स्त्रियांचे म्हणणे वेगळे आहे, हे गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये मांडले. त्यावर चर्चा पुढे नेत शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिकेचा विचार मांडला. पुणे विद्यापीठाच्या केंद्रात अध्यापन करणाऱ्या रेगे यांनी २००६ च्या ग्रंथात दलित स्त्रियांची मराठी आत्मकथने ज्ञानाचे साधन म्हणून वाचून दाखविली. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे यांच्या पुस्तकांकडे मराठी वाचक तोवर करुण कहाणी म्हणून पाहत आला होता. संस्कृत विषयात एम.ए. करणाऱ्या दलित स्त्रीला त्या पदवीची कोणती किंमत मोजावी लागली, हे कुमुदताईंनी 'अंतःस्फोट'मध्ये सांगितले आहे. पदवी ही सर्वांना सारख्याच भावात मिळत नाही, हे समजण्यासाठी त्याहून चांगले पाठ्यपुस्तक नाही. २०१३ मध्ये रेगे यांचे अकाली निधन झाले. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांच्या स्त्रीविषयक लेखनाचे त्यांनी केलेले संपादन प्रसिद्ध झाले होते. कोलंबियातील निबंधाला भारतीय स्त्री-अभ्यासाच्या मध्यभागी आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्यांच्याकडे जाते.

अडचणी आणि उणिवा

या वाटेवरील अडचणी कमी नाहीत. अनेक केंद्रे पंचवार्षिक योजनांच्या अनुदानावर चालत आली. बारावी योजना २०१७ च्या मार्चमध्ये संपली, तेव्हा त्यांच्या भवितव्याविषयी मोठी अनिश्चितता निर्माण झाली आणि कंत्राटी अध्यापकांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. स्वतंत्र पदवी असावी की प्रत्येक विषयात ही दृष्टी मुरावी, हा वादही जुना आहे. स्वतंत्र विभाग झाला की इतर विभाग आपली जबाबदारी संपली असे मानतात, आणि स्वतंत्र विभाग नसेल तर ही दृष्टी कोणाचीच जबाबदारी राहत नाही, असा हा पेच होय.

त्याहून खोल अडचण भाषेची आहे. ज्या मराठीत मुक्ताबाई, ताराबाई, रमाबाई लिहित्या झाल्या, त्या मराठीतून या विषयाचे सिद्धान्तवाचन करण्याची सोय अपुरी आहे. खेड्यातून आलेली विद्यार्थिनी ताराबाईंविषयीचे विवेचन इंग्रजीतून वाचते आणि मनातल्या मनात ते पुन्हा मराठीत आणते. विद्युत भागवत यांनी 'स्त्री प्रश्नाची वाटचाल' यांसारख्या ग्रंथांतून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. मातृभाषेतून उच्च शिक्षणाचा जो आग्रह महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये धरला, तो याच विषयाच्या बाबतीत सर्वाधिक निकडीचा आहे.

ग्रंथालयाचे ऋण आणि दायित्व

या विद्याशाखेच्या कच्च्या सामग्रीचा ठावठिकाणा शोधू गेल्यास पावले जुन्या मराठी ग्रंथालयांकडेच वळतात. १८९५ मध्ये निघालेल्या 'मनोरंजन'चे अंक, १९३० मध्ये सुरू झालेल्या 'स्त्री' मासिकाच्या बांधीव फायली, १९८९ पासूनचे 'मिळून साऱ्याजणी', भगिनी मंडळांचे वार्षिक वृत्तान्त, पाककृतींची आणि शिशुसंगोपनाची पुस्तके यांचे मोल वाङ्मयीन निकषावर कदाचित फारसे ठरणार नाही. 'स्त्री'मधील वाचकांची एक पत्रव्यवहाराची ओळ मात्र त्या काळच्या घरात काय बोलले जाई आणि काय बोलता येत नसे, ते सांगून जाते. ग्रंथालयाच्या सभासदांच्या जुन्या नोंदवह्यासुद्धा साधनग्रंथच होत. एखादी स्त्री स्वतःच्या नावाने सभासद कधी झाली, तोपर्यंत पुस्तके कोणाच्या नावावर घरी येत होती, कोणती पुस्तके तिने मागितली, याचा उलगडा त्या पिवळ्या पानांतून होऊ शकतो.

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी ग्रंथालयांबाबत हे दायित्व अधिकच वाढते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांच्या स्त्रीजीवनाची नोंद पुण्या-मुंबईच्या दप्तरांत सापडणार नाही; ती त्या त्या ठिकाणच्या संग्रहांतच आहे. कपाटे अपुरी पडतात, कसर लागते, जागेची चणचण असते आणि 'हे कोण वाचणार' असे म्हणून सर्वांत आधी बाहेर काढले जातात ते बायकांच्या मासिकांचे गठ्ठे. ताराबाईंच्या पुस्तकाचा अनुभव पाहता, असे गठ्ठे बाहेर काढण्यापूर्वी त्यांची यादी तरी करावी आणि जवळच्या विद्यापीठातील या विषयाच्या एखाद्या विद्यार्थ्याला ती दाखवावी. लघुप्रबंधासाठी विषय शोधणारा तो विद्यार्थी अशाच एका यादीच्या प्रतीक्षेत असण्याचा संभव आहे.